एकट्यांच्या रांगेत

१७ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. तू म्हणाला असतास, "बारक्याला झालं काय, एकदम इतका सभ्य?" फोन असताना पत्र कसलं, असंही म्हणशील. पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. गुडघा बरा, हवा बरी, जेवण झालं, चल ठेवतो. हसत हसत दाराबाहेर काढतोस. कागदाला असं मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद.

इकडे सगळं ठीक. वहिनींची कंबर कशी आहे? लग्नाची धावपळ चालू आहे. हॉल ठरला, जेवणवाला ठरला, फुलांचं तेवढं भिजत घोंगडं आहे. हिला सगळं पांढरं हवं, लेकीला सगळं पिवळं, आणि मला कोणी विचारत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे. स्वयंपाकघरातला नळ परत गळायला लागलाय. तू आलास की बघशील म्हणून प्लंबरला बोलावलेलं नाही.

तू आलास की. बघ, फिरून फिरून तिथेच आलो.

परवा तू म्हणालास, "येईन रे लग्नाला, पण मागे कुठेतरी बसेन. दारात उभं राहणं, ओळखीपाळखी, ते मला नको." आणि मी म्हटलं, बरं. जिला तू सायकल शिकवलीस, जिच्या तापात तू आमच्याही आधी डॉक्टरकडे पळालास, तिच्या लग्नात तिचा सख्खा काका मागच्या खुर्चीत बसणार, आणि मी म्हणतो बरं! विचारायचं धाडस झालं नाही. कारण मला ठाऊक होतं ना. लेकीला सांगितलं, काकाचा गुडघा दुखतो.

त्या सहलीबद्दल मी किती मिरवलं होतं, तुला कल्पना नाही. माझा भाऊ तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झाला, आता मी त्याला मोठं शहर दाखवायला नेतोय. ऑफिसात सांगितलं, शेजारी सांगितलं, जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. कॉलर इतकी ताठ की मान वळेना.

हॉटेलच्या काउंटरवर तीन टूर होत्या. पायी फिरायची, खाण्याची आणि धावत शहर बघायची. मी लगेच वाटणी केली. "दादा, तू पायी फिरायची घे, सावकाश असते, मध्ये मध्ये बसायला मिळतं. मी सकाळी धावून येतो. संध्याकाळी खायला दोघं जाऊ." तुला वाटलं मी तुझ्या गुडघ्याला जपतोय. तू काउंटरवरच्या मुलीला सांगितलंससुद्धा, "भाऊ फार काळजी घेतो हो माझी." खोटं कशाला लिहू? तुझा गुडघा माझ्या डोक्यात नव्हताच. आदल्या दिवशी तू बसमधले उतारू मोजलेस, लिफ्टमधली माणसं मोजलीस, नाश्त्याच्या रांगेत तर बोट नाचवत मोजलीस. "सवय रे, एक पोर कमी असलं तरी माझी बस हलायची नाही." लोक वळून बघत होते. मला एक सकाळ तुझ्याशिवाय हवी होती. घे, लिहिलं एकदाचं.

आणि तू काय केलंस, तर मला पत्ता लागू न देता आपली टूर बदलून आलास.

सकाळी चौकात मी आधी पोचलो. सगळे सडपातळ, रंगीबेरंगी कपड्यांतले, मोठमोठ्या हुद्द्यांवरचे. गाईड म्हणाला, "जोडीने आलेले इकडे, एकटे तिकडे. जोडीवाल्यांनी आपापल्या माणसाकडे लक्ष ठेवायचं." मी एकट्यांच्या रांगेत गेलो. तोवर ते खोटं नव्हतं, दादा. शेजारची बाई म्हणाली, "एकटं बरं असतं, कोणाची ओढाताण नाही." मी हसलो. तेवढ्यात कोपऱ्यावरून तू आलास.

खाकी पँट गुडघ्यावर कापून केलेली अर्धी चड्डी, पांढरे कॅनव्हासचे बूट, डोक्यावर शाळेची टोपी. आणि चेहरा कसा खुललेला! शाळेच्या शर्यतीत मी धावायचो तेव्हा तू दोरीच्या बाहेरून माझ्याबरोबर धावायचास, अगदी तसा. गाईडने विचारलं, "आपण कोणाबरोबर?"

तुझी नजर माझ्यावर आली. तुझ्या तोंडात 'बारक्या'मधलं 'बार' आलं होतं, मी ऐकलं. मी खाली मान घालून घड्याळाची बटणं दाबायला लागलो. नुसतं "माझा भाऊ" म्हणायचं होतं रे. तू एकदा माझ्याकडे बघितलंस, एकदा त्या रांगेकडे, आणि म्हणालास, "एकटाच आहे हो." मग येऊन रांगेच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिलास. लगेच गाईडने सगळ्यांचा फोटो काढला.

धावताना पहिल्या मनोऱ्यापर्यंत तू होतास. पुलाचा चढ लागला आणि तुझे बूट ऐकू येईनात. सगळ्यांत आधी मला कळलं, कारण मी दुसरं काही ऐकतच नव्हतो. तरी थांबलो नाही. पुढच्या बागेत पोचल्यावर गाईड चपापला. "ते टोपीवाले काका कुठे? त्यांच्या ओळखीचं कोणी आहे का?" मी पाण्याची बाटली तोंडाला लावली. बाटली रिकामी होती, दादा. रिकाम्या बाटलीतून मी कितीतरी वेळ पाणी पीत होतो.

गाईडच मागे धावत गेला आणि तुला हाताला धरून घेऊन आला. तू लंगडत होतास. "माफ करा हो मंडळी, माझ्यापायी खोळंबा झाला," म्हणालास. माझ्यासमोरून जाताना थांबलास आणि म्हणालास, "तुम्हालाही उशीर झाला असेल."

तुम्हाला! मला! माझं नाक पुसणारा माणूस मला अहो-जाहो करत होता, आणि का, तर चारचौघांत माझं बिंग फुटू नये म्हणून. त्यापेक्षा तिथेच कानाखाली काढली असतीस तर बरं झालं असतं.

हॉटेलच्या लिफ्टमध्ये आपण दोघंच होतो. तू म्हणालास, "बारक्या, पूल काय झकास होता रे." बस, तेवढंच.

संध्याकाळी खाण्याच्या टूरची वेळ झाली तर तुझं पोट जड होतं. "तू जा, तुझी ती मंडळी येतील तिथे." तेव्हा मला स्वच्छ कळलं की तुला सगळं कळलंय. आता ऐक. सकाळचं एकवेळ घाबरटपणा म्हणून सोडून देता येईल, पण त्या संध्याकाळी मी गेलो. तुला खोलीत सोडून गेलो! दुकानामागून दुकान, ताजा पाव, तळलेले मासे, काय काय चाखत फिरलो, आणि रांगेतल्या त्या बाईने विचारलं, "सकाळच्या काकांचं काय झालं हो?" मी म्हटलं, "काय माहीत." उरलेलं पुडक्यात बांधून तुला आणलं. तू ते गार झालेलं "वा, वा" करत खाल्लंस. तुझं पोट जड नव्हतंच. तू भुकेला बसला होतास.

लाज कशाची वाटली मला? चड्डीची? टोपीची? अरे, आपण एका गावात होतो तेव्हा तुझी पुतणी त्याच टोपीच्या मागच्या सीटवर बसून सगळ्या बसला सांगायची, "ड्रायव्हर माझा काका आहे." सहाव्या वर्षी तिला जे जमलं, ते मला पन्नाशीत जमलं नाही.

तिनेच मला पकडलं. आज चहाच्या वेळी गाईडने मला पाठवलेला तो फोटो समोर धरला. "बाबा, तुम्ही आणि काका दोन टोकांना का?" मी गुडघा सांगून बघितला. तिने फोटो आणखी जवळ धरला. मग सगळं सांगितलं, रिकाम्या बाटलीसकट. तिने कप खाली ठेवला. म्हणाली, "काका दारात नसतील तर तुम्हीही नको. दोघं मागे बसा." मी म्हटलं, "अगं, मग पाहुण्यांना या कोण म्हणणार?" म्हणाली, "येतील की. एकटे एकटे."

माझ्याच लेकीने माझ्या तोंडावर मारलं ते. लागलंही नीट.

ती उठून गेल्यावर मी फोटो परत बघितला. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, फक्त तू बघत नाहीस. तुझं बोट वर आहे. तू मोजतोयस, दादा. आणि ते बोट नेमकं माझ्यावर आलंय. मी तुला वगळलं होतं, आणि तू मला धरूनच मोजत होतास.

मी रविवारी येतोय. वहिनींना माझ्या तोंडाने सांगणार आहे, तू मध्ये पडू नकोस. आणि 'जाऊ दे रे' म्हणू नकोस, तुझं 'जाऊ दे रे' मला आता झेपत नाही. हव्या तेवढ्या शिव्या घाल. नसेल यायचं तर तसं तोंडावर सांग, मी लेकीला जाऊन सांगेन की चूक माझी. पण आलास तर दारात उभा राहा. टोपी घालून. येणारा प्रत्येक माणूस बोट नाचवत मोज. मी शेजारी उभा राहून प्रत्येकाला सांगेन हा कोण आहे ते.

वहिनींना नमस्कार.

त्या शहरात तुझ्याबरोबर आलेला,
बारक्या