दिवे लागायच्या आधी

आप्पा, आज एकटीच जेवायला बसले आणि चिकोडीचं घर आठवलं. तुम्ही मुन्सफ, म्हणून आपल्याकडे कुणी यायचं नाही, आपण कुणाकडे जायचं नाही. लग्नाच्या अक्षता आल्या की तुम्ही देवापुढं ठेवायचात आणि घरीच बसायचात. न्यायाधीशानं गावात राहावं, गावाचं होऊ नये, असं तुमचं म्हणणं. तुम्ही ते आपखुशीनं पत्करलं होतंत. मी दहा वर्षांची, आई गेलेली. मला कुणी विचारलं नव्हतं.

त्या संक्रांतीला शेजारच्या जैन आक्कांनी माझ्या हातात बांगड्या भरल्या. त्यांच्या शेताच्या बांधाचा दावा तुमच्यापुढं चालू होता, हे मला कुठलं माहीत? दिवे लागल्यावर तुम्ही कोर्टातून आलात, माझे हात पाहिलेत आणि पगडीही न उतरवता समोर बसलात. मला वाटलं, आता बांगड्या उतरवायला लावणार.

"यांशिवाय त्या घरचं आणखी काही घेतलंस?"

"न्हाय, आप्पा."

तेवढ्या शब्दावर तुम्ही बेळगावच्या मोठ्या साहेबांना लिहिलंत: पक्षकाराच्या घरून माझ्या मुलीनं बांगड्या घेतल्या आहेत, याखेरीज काही नाही, दावा दुसऱ्याकडे द्यावा. भर कोर्टात वाचूनही दाखवलंत. वकील गालात हसले म्हणे. दावा गेला, लांबला. आक्कांनी मला परसदारीच थांबवलं.

"तुझ्या आप्पांनी आमची अब्रू चव्हाट्यावर आणली गं. आता येऊ नको."

मी लई रडले, पण तुमच्यासमोर नाही.

त्याआधी वर्षभर मी रात्री ताटावर नुसती बसायची. पोरीला भूक लागत नाही म्हणून तुम्ही वैद्य आणलात, स्वतः पुढ्यात बसून कडू काढा पाजलात. संक्रांतीनंतर मी जेवायला लागले, तेव्हा वैद्यांच्या हाताला गुण आहे म्हणून किती खूश झाला होतात! आप्पा, गुण काढ्याचा नव्हता. जैनांची जेवणं दिवे लागायच्या आत उरकतात. तुम्ही कोर्टात असताना मी रोज परसदारानं जाऊन आक्कांच्या शेजारी बसून पोटभर जेवायची.

उभ्या हयातीत तुमच्या हातून एकच खोटं वाक्य लिहिलं गेलं, आणि ते माझ्यामुळं. तुमच्या म्हातारपणी कितीदा ओठांवर आलं होतं. पण तुम्ही थरथरत्या हातानं त्याच दिवशी बेळगावला दुरुस्तीचं पत्र लिहायला बसला असतात, म्हणून गिळलं. आता हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू?