लाल भेंडीला लाल चिंधी

बाबा, कांचघर मोहल्ल्यातल्या आपल्या परसात यंदा भेंडी लाल आली आहे. दिवंगत पित्यास प्रथम क्षेमकुशल विचारावे हा शिष्टाचार मला ठाऊक आहे. परंतु तुम्ही हयातीतही माणसांआधी वाफ्यांचीच चौकशी करीत होता, म्हणून मुख्य वार्ता अग्रभागी ठेवली. देठापासून टोकापर्यंत रक्तवर्णी. शेजारच्या दीदींनी कुंपणावरून अवलोकन करून विचारले, "भैया, इतनी मोटी मिर्ची?" मी भेंडीच्या वर्णवैविध्यावर लघुव्याख्यान दिले. त्या शांतपणे म्हणाल्या, "अच्छा. हरी लगाते तो दो हमको भी मिल जातीं."

तुम्हीही त्याच पंथाचे. मी कॉलेजात असताना पिवळ्या टोमॅटोचे बी पैदा केले होते. तुम्ही फॅक्टरीतून परतता, सायकल भिंतीला टेकवता, ते पिवळे फळ तळहातावर फिरवता आणि म्हणता, "भाजी खायची असते रे, तिचं दर्शन नाही घ्यायचं." मग बी कुठले ते विचारता. दुकानातले, हे ऐकून निवाडा देता, "ज्याचं बी आपल्या घरचं नाही, ते झाड भाडेकरू." त्या निवाड्याविरुद्ध माझे अपील अद्याप प्रलंबित आहे. पुढे जांभळी फुलकोबी झाली, काळी गाजरे झाली, पट्ट्यापट्ट्यांची वांगी झाली. एकेक हंगाम नांदली आणि निघून गेली. राखलेल्या बियांतून दुसऱ्या वर्षी भलत्याच वर्णाची प्रजा उगवे. म्हणून यंदा मझौलीच्या बाजारात एका शेतकऱ्याकडून त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या राखलेले लाल भेंडीचे चिमूटभर बी मिळाले, तेव्हा मी प्रतिज्ञा केली की ही भेंडी आपल्या घरची होईल. वानरांनी वाफा उद्ध्वस्त करून प्रतिज्ञेची परीक्षा घेतली. एकच रोप वाचले.

त्यावर पहिली देखणी भेंडी धरली, तेव्हा मी तुमचाच विधी केला. बियाण्यासाठी राखायच्या भेंडीच्या देठाला तुम्ही लाल चिंधी बांधत होता. ती चिंधी म्हणजे राजमुद्रा, तिच्यापुढे आईची विळीही नमत असे. मी यथासांग लाल चिंधी बांधली आणि बँकेत गेलो. माझ्या विद्वत्तेचा हा कळस तुमच्या एव्हाना ध्यानात आला असेल. संध्याकाळी ताटात भेंडीची भाजी होती.

"आई, ही भेंडी कुठली?"

"ठेल्यावरची. जराशी कमी पडून राहिली होती, तर एक परसातली घातली."

"तिला चिंधी होती."

"लाल भेंडीला लाल चिंधी? ती मले कशी दिसणार? तुझे बाबा हिरव्या भेंडीला बांधत होते." मग कढई माझ्यापुढे तिरकी करून म्हणाली, "अन् एवढं काहून तोंड पाडतो? बघ, तव्हाची लाल होती, फोडणीत पडली अन् शहाणी झाली. हिरवी."

रोप उभे होते, त्यावर कळी होती, तेवढे मला पुरेसे होते. पुढची भेंडी बोटभर झाली त्या सकाळी मी पांढऱ्या सुतळीचा गुंडा घेऊन परसात पोहोचलो, तर आई आधीच तिथे उभी. हातात तुमचा फॅक्टरीतला खाकी सदरा. इतकी वर्षे पेटीत घडी करून ठेवलेला, कुणाला हात लावू न दिलेला. तिने त्याची काठाची पट्टी दाताने टरकावली आणि मला दिली. "चलो, ही बांध. ही मले दिसते."

ती भेंडी आता झाडावरच निबर होऊन वाळते आहे. आई रोज सकाळी जाते, हलवून बघते आणि आत येऊन मला सांगते, "अजून वाजत नाही." पुढील वर्षी वाफा तोच राहील, कुंपण उंच होईल आणि वानरांशी वाटाघाटी होणार नाहीत.

हे पत्र धाडायला तुमचा पत्ता माझ्यापाशी नाही, आणि भेंडी तडकली की बियांना पुडी लागेल. पाठकोऱ्या कागदाची, तुम्ही बांधत होता तशी. या कागदाची पाठ कोरीच आहे. एक गोष्ट मात्र शेजारच्या दीदींच्या कानी जाऊ नये. त्या दिवशी मी भाजी दोनदा वाढून घेतली, प्रत्येक फोड सावकाश चावली, आणि त्यातली आपली कोणती, हे मला ओळखता आले नाही.