शिक्षेआधीचा अहवाल

मंगळवार, संध्याकाळ. दिघी.

दुपारी परिवीक्षा अधिकारी मॅडम घरी येऊन गेल्या. शेजारच्या मंदाताईंना जिन्यात ढकलल्याबद्दल कोर्टाने मला दोषी ठरवलं, पण पहिलाच गुन्हा म्हणून न्यायाधीशांनी शिक्षेआधी माझ्याबद्दल अहवाल मागवलाय. तो बरा आला तर चांगल्या वागणुकीच्या हमीपत्रावर सुटका, नाहीतर तुरुंग.

मॅडमनी विचारलं, "राग येतो का तुम्हाला?"

"नाही." असं का म्हणाले मी?

सासूबाई मध्येच बोलल्या, "येतो की, लई येतो. पर मनानं वंगाळ न्हाई ती."

मॅडमनी दोन्ही लिहून घेतलं आणि निघाल्या. राग येतो का, राग येतो का... डोक्यातून जाईना. धावत खाली गेले, त्यांना गेटपाशी गाठलं.

"मॅडम, येतो राग. मंदाताई घसरल्या असं कोर्टात सांगितलं, ते खोटं होतं. पाण्यावरून भांडण झालं आणि मी ढकललं."

"हे अहवालात जाईल. चालेल?"

"लिहा."

"त्यांना सांगितलंत हे?"

नाही. वर्षभर एकाच मजल्यावर राहून नाही.

वर येताना मंदाताईंचं दार वाजवलं. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच सगळं बोलले. मोडून जुळलेलं मनगट चोळत त्या ऐकत होत्या.

मग म्हणाल्या, "शुक्रवारी मीही येणारे कोर्टात. जजसाहेबांनी विचारलं तर काय सांगेन, माझं मलाच माहीत नाही."

मी बरं म्हणाले.