प्राचार्यांची फिरती खुर्ची

राजूर, मंगळवार संध्याकाळ

अजून हसू आवरत नाहीये, आणि धाकधूकही जात नाहीये. अकरावीच्या डोक्यात टॉर्क, म्हणजे जोराचा फिरवण्याचा परिणाम, शिरेना, म्हणून प्राचार्यांची फिरती खुर्ची वर्गात मागितली. सर खुर्चीबरोबर स्वतःच आले आणि तिच्यात बसले! का बसले असतील?

पहिल्या बाकावरच्या ज्योतीला म्हटलं, खुर्चीच्या पाठीला मधोमध ढकल. खुर्ची जेमतेम हलली. मग तेवढाच जोर खुर्चीच्या हाताच्या टोकाला आडवा लावायला सांगितला. गरकन फिरली. "बघा, आसापासून लांब जोर लावला की टॉर्क वाढतो!" मी फळ्याकडे वळले, ज्योती ढकलतच राहिली, वेग वाढतच गेला.

"मॅडम, थांबवा!" सरांचा चष्मा उडाला.

"ज्योती, सोड!"

"सोडली की मॅडम, तरी फिरतीच हाय!"

"मग उलट्या बाजूनं जोर लाव!"

तेव्हा कुठे थांबली. सर भिंत धरून उभे राहिले. माझी नोकरी अजून कायम व्हायचीय. मेले, म्हटलं.

सर म्हणाले, "आता समजलं मला. उद्या ब तुकडीलाही दाखवा." दारातून वळून पुढे, "फक्त खुर्चीत तुम्ही बसा."