महिरप, जिलबी आणि लीना

बेलापूर, रविवार

प्रिय वरद,

पुढची ओळ ऐकण्याआधी पडदा टाक. खिडकीचा नव्हे, स्क्रीनचा. मी शिकवलेली ती तीन बटणं एकदम दाब, म्हणजे स्क्रीन बघणाऱ्यांसाठी काळी होईल आणि मशीन फक्त तुझ्याशी बोलेल. ही सोय मी तुला दाखवली तेव्हा तू हसला होतास. घरात माझ्या कोडमध्ये कोणाला रस आहे, लपवायचं कोणापासून, असं म्हणाला होतास. तेव्हा खरंच कोणाला रस नव्हता. आता तुझ्या शेजारच्या खुर्चीत क्लासला मदत करणारी लीना बसते, तिला दोन चांगले डोळे आहेत, आणि हे पत्र तिच्यासाठी नाही. हेडफोनही लाव. आवाजाचा वेग थोडा उतरव, कारण नेहमीच्या वेगाने ऐकलंस तर मी भांडते आहे असं वाटेल. हळू ऐकलंस तरी तसंच वाटणार आहे, पण निदान शब्द नीट कळतील.

इकडे सगळं ठीक आहे. कारखान्याचा हंगाम चालू असल्यामुळे उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून आमच्या दारावरून जातात, आणि ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये पुण्याच्या लोकांना वाटतं की बेलापुरात रोज कोणाची तरी वरात असते. आई शाळेतली खिचडी आटोपून दुपारी घरी येते आणि माझ्याकडे बघत बसते. बघते हे मला कळतं, कारण एरवी ती इतका वेळ गप्प राहत नाही. काल म्हणाली, "चार दिस झालं तोंड फुगवून बसलीस. त्यो शिर्डीचा पोरगा फोन करीना का?" मी म्हटलं, तो कामात आहे. तर म्हणते, "व्हय, कामात त्यो हाय, मंग भांडी तू का आपटती?" मी आणखी एक पातेलं आपटलं.

तुझा मेल बुधवारी आला. तुझ्या क्लासच्या सहा अंध मुलांच्या मशीनवर आपली सेटिंगची फाइल शुक्रवारी बसवायची आहे, लीनाने त्यातले चिन्हांचे शब्द "जरा नीट" केले आहेत, तू एकदा ऐकून हो म्हण, एवढंच लिहिलं होतंस. मी ऐकलं. महिरपी कंसाची महिरप गेली, तिथे ब्रेस आला. ईमेलच्या पत्त्यातली जिलबी गेली, तिथे ॲट आला. चांदणीचा स्टार झाला आणि उंबऱ्याचा अंडरस्कोर. आपले सगळे शब्द एकेक करून घराबाहेर काढले होते, आणि वरून शेवटी गोड आवाजात वाचायला "धन्यवाद प्रज्ञाताई" होतं. जरा नीट! म्हणजे आधी काय वाकडं होतं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला, वरद. मी मेलला उत्तर दिलं नाही ते त्यामुळे. मला वेळ नव्हता, नेट गेलं होतं, असलं काही नव्हतं.

तुला आठवतं का तू पहिल्यांदा फोन केलास तो दिवस? तुझी नजर जाऊन थोडेच महिने झाले होते, पुण्याची नोकरी सुटली होती, आणि तू शिर्डीला बाबांच्या लॉजवर परत आला होतास. माझा नंबर तुला कोणी तरी दिला होता आणि सांगितलं होतं की ही मुलगी जन्मापासून आंधळी आहे आणि प्रोग्रामिंग करते, तिला विचार. तू मला थेट ताईच करून टाकलंस. मी तुझ्याहून लहान आहे हे मी बरेच दिवस सांगितलं नाही, कारण ताई म्हटल्यावर तू माझं ऐकायचास. तुझा हात सारखा माउसकडे जायचा. मी तो काढून लॉजचा काउंटर सांभाळणाऱ्या विष्णुपंतांकडे द्यायला लावला आणि त्यांनी तो खोल्यांच्या किल्ल्यांसोबत ड्रॉवरमध्ये टाकला. तू त्या दिवशी माझ्यावर इतका चिडलास की नमस्कार न करता फोन ठेवलास. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलास.

तू फोन स्पीकरपाशी धरायचास आणि मी इथे बसून तुझं मशीन ऐकायची. कोड लिहायचा एडिटर मुका होता, त्याला बोलतं केलं. मग तुझा साधा प्रोग्राम काही केल्या चालेना. ओळी बरोबर वाटत होत्या, तरी चूक. शेवटी मला कळलं की तुझं मशीन कंस आणि विरामचिन्हं गिळत होतं. त्याला सुरुवातीला तसंच सांगितलेलं असतं, कारण बातम्या ऐकताना कोणाला कंस नको असतात. सगळी चिन्हं वाच असं त्याला बजावलं, तर प्रत्येक ओळीत लेफ्ट ब्रेस राइट ब्रेसचा असा पाऊस पडला की तू डोकं धरलंस. तेव्हा आपण चिन्हांना आपली नावं ठेवली, आखूड, कानाला सोपी. जिलबी तुझी होती. तू म्हणालास की ते चिन्ह दिसायला अगदी जिलबीसारखं असतं. जिलबी मी लहानपणापासून खात होते, पण कुठलं चिन्ह तिच्यासारखं दिसतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते मला तू दिलंस, आणि लीना ते परत घेते आहे.

आणि ते सूर! पायथन या कोडच्या भाषेत ओळ किती आत सरकली आहे यावर सगळा खेळ. तू ती डोळ्यांनी मोजायचास, आता कशी मोजणार म्हणून रडकुंडीला आला होतास. मी तुला सूर लावून दिले. ओळ आत गेली की सूर चढतो आणि डाव्या कानाकडून उजवीकडे सरकतो, बाहेर आली की उतरतो. तू म्हणालास, मला गाणं शिकायचं नाही, नोकरी करायची आहे. मी म्हटलं, बस गप आणि ऐक. मग एके दिवशी तू फोनवर ओरडलास, "इथे सूर उतरायला हवा होता, उतरला नाही, चूक इथे आहे!" तुझी आई घाबरून वर धावत आली. त्या दिवसापासून तुझा फोन आला नाही की मला जेवण गोड लागेनासं झालं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगणार कशी, मी ताई होते.

आता लीनाबद्दल लिहिते. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण माझ्यासमोर तोंडात आली की लोक जीभ चावतात. मला गंमत वाटायची. परवा मी ती स्वतःच म्हटली, भाकरी थापताना, मोठ्याने. लीनाला कुत्रं म्हणायचं नाही मला. बरं, म्हणायचं आहे, पण ती तशी नाही, हाच तर त्रास आहे. मी क्लास बघायला शिर्डीला आले त्या दिवशी तिने माझ्या हाताला कप लावला आणि "इथे आहे हं, गरम आहे" म्हणाली. चांगलं म्हणाली. मला तो चहा कडू लागला. ती उद्धट असती, आळशी असती, तर मी सुखाने तिचा राग केला असता. पण ती संगमनेरहून येऊन मुलांसाठी राबते, कोणावर आवाज चढवत नाही. अशा माणसावर जळायचं म्हणजे आपलंच तोंड काळं होतं, तरी मी जळतेच आहे.

त्याच दिवशी तिने तुझ्या एडिटरचे रंग निवडले. तुला दिसत नाहीत हे ठाऊक असून निवडले, आणि तुला एकेक सांगत गेली. टिपा कोथिंबिरीसारख्या हिरव्या, आकडे शेंदरी, मुख्य शब्द जांभळे. तू हसत होतास. तीन वर्षांत मी तुला इतकं मोकळं हसवू शकले नव्हते. तू म्हणालास, जांभळा जरा गडद घे, आणि ती म्हणाली, हा बघा, आता छान दिसतोय. मी तिथेच खुर्चीत होते, वरद. माझ्यासाठी जांभळं म्हणजे जीभ आकसवणारं फळ, त्यापुढे मला काही ठाऊक नाही. मला तिचा हेवा वाटला, आणि खरं सांगू, तुझाही वाटला. तुम्हा दोघांकडे एक घर आहे, ज्याचं दार मला कधी सापडणार नाही. मी तुला सूर दिले, पण रंग मी कुठून आणू?

निघताना तुझ्या आईने लीनाला तिचं आडनाव विचारलं, गाव विचारलं, मामाकडचे कोण कुठले ते विचारलं आणि खूश झाल्या. मला आडनाव विचारलं नाही. आडनावामागची जात त्यांना माझ्या नावावरूनच कळली असावी. मला म्हणाल्या, तुझे फार उपकार आहेत बाई आमच्यावर. उपकार हा शब्द माणसाला दाराशी नेऊन सोडायला किती सोयीचा असतो! मी नमस्कार केला आणि रिक्षात बसले. तू खाली आलास तो तिचा दंड धरून, रिक्षावाल्याने सांगितलं म्हणून कळलं. स्वतःच्या लॉजच्या जिन्यावर तुला काठीसुद्धा लागत नव्हती, आणि तू तिचा दंड धरून आलास.

पूर्वी मशीन अडलं की तू मला फोन करायचास. आपण अंदाज बांधत, हे दाब ते दाब करत, कधी अख्खी दुपार घालवायचो आणि शेवटी स्क्रीनवर कुठे तरी उघडी राहिलेली एक खिडकी सापडायची. आता लीना एक नजर टाकते, वर उजवीकडे काही तरी उघडलंय म्हणते आणि बंद करते. काम झालं. तुझा वेळ वाचतो, मुलांचा वाचतो, मान्य. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, पण वैद्याला रोग्याची सवय लागली असेल तर त्याने काय करायचं? मला त्या दुपारी परत हव्या आहेत. काही बिघडलेलं नसलं तरी हव्या आहेत.

फाइलचं उत्तर देते, म्हणजे तो विषय संपेल. मुलांना लीनाचेच शब्द द्या. उद्या ती नोकरीला लागतील, तिथे जिलबी म्हटलं तर लोक हसतील आणि मुलांना कमीपणा वाटेल. मी इतकी आंधळी नाही की हे मला कळू नये. सूर तेवढे काढू नका, ते त्यांना जन्मभर उपयोगी पडतील. पण तुझ्या मशीनवरची फाइल जशी आहे तशी राहील. तिथे कोणी काही नीट करायचं नाही. तिला सांगताना माझं नाव घे, मला वाईट म्हणू दे.

एवढ्यासाठी दोन ओळींचा मेल पुरला असता. मी हे पत्र लिहिते आहे ते काल दुपारच्या फोनमुळे. लीनाने केला होता, फाइल ऐकली का म्हणून. बोलता बोलता अगदी सहज म्हणाली, "ताई, वरद सर परवा मला विचारत होते, प्रज्ञा दिसते कशी? मी सगळं सांगितलं हं, छान सांगितलं." माझा चेहरा मला माहीत नाही. आईला विचारलं की ती "माज्यासारकी हायेस" म्हणून मोकळी होते. आणि आता तो लीनाला माहीत आहे, तुला माहीत आहे, फक्त घरी बसलेल्या मला नाही. तिने माझ्याजवळची ही एक गोष्टही तुला तिच्या हाताने दिली. संतापाने मी दुपारभर रडले. मग रडून झाल्यावर लक्षात आलं की तिने आपणहून सांगितलं नव्हतं, तू विचारलं होतंस. ज्याला नुसती फाइल हवी असते तो माणूस कसा दिसतो हे कशाला विचारेल? मला तू हवा आहेस, वरद. कोणाच्या वाट्यातला उरलेला नको, पुरता हवा आहेस. तर शुक्रवारी बेलापूरला ये. शुक्रवारी क्लास आहे हे ठाऊक आहे, म्हणूनच शुक्रवार म्हणते. फाइल लीना बसवेल, तिला येतं. एकटा ये, काठी घेऊन, एसटीने, श्रीरामपूर स्टँडवर गाडी बदलून. कंडक्टरला सांगितलंस की तो उतरवेल. मी अकरापासून थांब्यावर उभी असेन. आपली दोघांची हातभर अंतरावरही चुकामूक होईल, म्हणून उतरलास की मोठ्याने माझं नाव घे. लोक बघतील, बघू देत. तिने काय सांगितलं ते मला ऐकायचं नाही. तू का विचारलंस, तेवढं मला तिथे, थांब्यावरच, तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

वाटणी मान्य नसलेली, तुझीच
प्रज्ञा