अश्दोदपर्यंतची जमीन

इस्रायल आळी, पनवेल
८ जून २०२५

चि. सौ. सिपोरा हिस,
अनेक आशीर्वाद व शालोम. वि. वि.

तुझे पंधरा तारखेचे तिकीट निश्चित झाल्याचे बाबांना आज सकाळी सांगितले. फोन ते कानाला लावू देत नाहीत. कागदावर न आलेली बातमी ही बातमीच नव्हे, असे त्यांचे मत आहे. म्हणून तू हाताने पत्र लिहून त्याचे छायाचित्र पाठवत जा. मी मोठ्याने वाचून दाखवीन.

प्रकृतीविषयी स्पष्ट लिहितो. यकृताचे दोन्ही अहवाल पाहून डॉक्टरांनी पंधरवडा सांगितला आहे. बाबा घरीच आहेत, वेदना आटोक्यात आहेत, वाचा स्वच्छ आहे. तू ठरल्याप्रमाणे निघालीस तर वेळेत पोहोचशील.

अकरा वर्षांपूर्वी तिकडे इस्रायलात स्थायिक झालीस तेव्हा बाबांसाठी यरुशलेमची माती पिशवीत भरून ठेवली होतीस. ती घेतल्याशिवाय निघू नकोस. मिटल्या डोळ्यांवर ती चिमूटभर पडावी, एवढी एकच इच्छा त्यांनी बोलून दाखवली आहे. आणि ती तुझ्या हाताने पडावी, ही न बोललेली.

उरलेला वेळ ते शिकवतात. चौतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. आता वर्गात मी एकटाच. कालचा पाठ आशिया खंडाचा होता. ग्रीकांनी हे नाव समुद्रापलीकडच्या एका किनारपट्टीला दिले होते. जमीन कळत गेली तसे नाव पूर्वेकडे सरकत राहिले आणि एके दिवशी पनवेलवरही येऊन बसले, आपल्याला कोणी विचारले नाही, असे म्हणाले. जगातले मोठे धर्म याच खंडात जन्मले, आपला यहुदी धर्मही. एका घरातले असल्यामुळेच ते इतके भांडतात, असेही म्हणाले. तुझ्यासाठी प्रश्न ठेवला आहे: आशिया पश्चिमेला कोठे संपतो? उत्तर कागदावर पाठवावे.

लोभ आहेच, तो या खेपेस स्वतः घेऊन यावा.
तुझा,
रूबेनदादा


अश्दोद
१४ जून २०२५

ती. दादास,
शालोम व नमस्कार. वि. वि.

बातम्या तू ऐकल्या असशीलच. युद्ध सुरू झाल्यामुळे कालपासून इथले आकाश बंद आहे. माझे तिकीट एका ओळीच्या निरोपाने रद्द झाले. पुन्हा केव्हा उघडेल, हे कोणालाच सांगता येत नाही.

मी ज्या वृद्धाश्रमात काम करते तिथे भोंगा वाजला की सात आजोबांना चाकांच्या खुर्च्यांवरून आसऱ्याच्या खोलीत न्यावे लागते. एकेकाच्या अंगावर पांघरूण घालते, हात धरून बसते. हे सगळे कोणाचे तरी बाबा आहेत आणि त्यांच्याजवळ मी आहे. यापुढचे मला लिहवत नाही.

तुझ्या पत्राबद्दल रागावले आहे. ‘वेदना आटोक्यात आहेत’ असे सख्ख्या बहिणीला कोणी लिहिते का? ते रात्री झोपतात का, खिमट खातात का, आईच्या फोटोकडे बघून अजून पुटपुटतात का, हे लिही. कचेरीतली पत्रे कचेरीत.

प्रश्नाचे उत्तर: आशिया माझ्या खिडकीखाली संपतो. आधी वाळू, मग पाणी. पिशवी उशाशी आहे.

बाबांना कसे सांगायचे, ते तूच ठरव.
लोभ कमी होऊ देऊ नकोस. इथे त्याचीच गरज आहे.
तुझी,
सिपू


पनवेल
१७ जून २०२५

चि. सौ. सिपोरा हिस,
अनेक आशीर्वाद व शालोम. वि. वि.

सांगितले. बाबा रडले नाहीत. त्यांनी आपला जुना ॲटलास मागवला आणि पेन्सिल. आकाश बंद असेल तर जमीन तर आहे, असे म्हणून पनवेलवर टोक टेकवले. कच्छ, सिंध, मकरानचा किनारा, इराण असे करत हात न उचलता रेघ बगदादपर्यंत नेली. तिथे हात दमला, तेव्हा यात जमीन कोठे तुटते, असे मला विचारले.

कळंबोलीचा कृष्णकांत भेटीला आला होता. तो त्यांचा जुना विद्यार्थी. त्याचे लोखंड वाहणारे ट्रेलर आहेत. रेघ पाहून तो म्हणाला की मास्तर, तुमी फकस्त हुकूम करा, ट्रेलर हाय, डिझेल हाय, ताईला उद्याच आणतो, पण जकात नाक्यावर तुमी बोलायचं. बाबा आठवड्याभरात प्रथमच हसले.

मला तेवढे जमले नाही. तो गेल्यावर मी समजावून सांगितले की पाकिस्तानची हद्द बंद आहे, इराणशी इस्रायलचेच युद्ध चालू आहे, इराक तुझ्या पारपत्राला दारातही उभे करणार नाही. प्रत्येक देशावर बोट ठेवून सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, “रूबेन, मी तुला देश विचारले नव्हते. जमीन कोठे तुटते, ते विचारले होते.” मग भिंतीकडे तोंड केले.

त्याला दोन दिवस झाले. माझ्याशी ते बोलत नाहीत. खिमट तुझ्या लिलीवहिनीच्या हातून दोन चमचे घेतात. झोप नाही. आईच्या फोटोकडे बघत नाहीत. तू विचारले होतेस म्हणून लिहिले. माझे एकही विधान चूक नव्हते, आणि त्याचा मला काडीचाही उपयोग नाही. तूच त्यांना काही लिही.

माझ्यावरचा लोभ तपासून न पाहता तसाच ठेवावा.
तुझा,
दादा


अश्दोद
१९ जून २०२५

ती. बाबांस,
शालोम व तुमच्या हातांना मुका. वि. वि.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर लिहिते. दादाला मोठ्याने वाचायला सांगा, आणि मध्ये दुरुस्त्या करू देऊ नका.

माझ्या आश्रमात बगदादचे साल्मान आजोबा आहेत. काल आसऱ्याच्या खोलीत त्यांना तुमची रेघ सांगितली. ते म्हणाले की तुझ्या बाबांचा हात बरोबर ठिकाणी दमला, तिथून पुढचे मला पाठ आहे. लहानपणी ते त्याच वाटेने इकडे आले. वाळवंट, मग जॉर्डनच्या टेकड्या, मग उतार, मग आम्ही.

तेव्हा उत्तर असे: अश्दोदहून पनवेलपर्यंत जमीन कोठेही तुटत नाही. मध्ये नद्या आहेत. पण नदीच्या तळाशीही जमीनच असते, हे तुम्हीच सातवीत शिकवले होते.

बाबा, मी त्याच जमिनीवर उभी आहे.

आशीर्वादाचा हात डोक्यावरून उचलू नका.
तुमची,
सिपू


पनवेल
२४ जून २०२५

चि. सौ. सिपोरा हिस,
अनेक आशीर्वाद व शालोम. वि. वि.

रविवारी फोनवर मला नीट बोलता आले नाही. आता क्रमाने लिहितो.

तुझे पत्र शुक्रवारी शब्बाथचे दिवे लागण्यापूर्वी वाचले. दुरुस्ती केली नाही. बाबांनी भिंतीकडचे तोंड वळवले आणि सिपोराला पैकीच्या पैकी, असे म्हणाले. थोड्या वेळाने विचारले, “मग पोहोचली का नाही?”

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही. रविवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी ते गेले. मी जवळ होतो.

दफन त्याच दुपारी केले. प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवण्यासाठी ठाण्याहून तिघांना बोलवावे लागले. खांदा देण्यात कृष्णकांत शेवटपर्यंत होता. डोळ्यांवर घालायला यरुशलेमची माती मागितली गेली, तेव्हा माझ्याजवळ काही नव्हते आणि जमलेल्यांपैकी कोणाकडेही शिल्लक नव्हती. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी खड्ड्याच्या काठची मूठभर माती उचलली. ओली होती, बोटांना चिकटली. तुझे उत्तर मनात म्हटले आणि ती घातली. बरोबर केले की चूक, हे मला कळत नाही. ताडून पाहायला कुठेही काही लिहिलेले नाही.

तुमच्याकडे युद्ध थांबल्याचे आज ऐकतो. आठवडाभर आधी थांबले असते तर, हे वाक्य मी सकाळपासून अर्ध्यावर सोडतो आहे.

ॲटलासमधली रेघ बगदादलाच थांबली आहे. शुक्रवारी बाबांनी ती पुरी करायला सांगितले, तेव्हा मी सवयीने पट्टी शोधू लागलो. ते म्हणाले की राहू दे, तिला काढू दे. पेन्सिल त्याच पानात ठेवली आहे, टोक करून.

येताना पिशवी आण. कबरीवरची माती अजून बसलेली नाही, तोवर मिसळेल.

लोभ असू दे. आता इथे मागणारा मी एकटाच आहे.
तुझा,
दादा