सात नंबरच्या प्लॉटमधली विहीर

घडले ते असे.

१. सन १९३७ साली बेळगावच्या पश्चिमेस, बेळगुंदी रस्त्याच्या माळावर चौदा प्लॉट पडले. सात घरे निपाणी-चिकोडीकडच्या जैनांची झाली, सात बेळगुंदी-खानापूरकडच्या मराठ्यांची. घरमालकांचे मंडळ माझे वडील कै. कलगोंडा मगदूम यांनी काढले. विहीर एकच.

२. सन १९४४ च्या उन्हाळ्यात वसाहतीत पटकी आली. अकरा नंबरचे रवळू सांबरेकर यांची मुलगी मालू त्यात गेली. वय सहा.

३. विहिरीवर स्लॅब घालून हातपंप बसवावा असे मंडळाने ठरवले. नकाशा मी काढला. ता. ३ मार्च १९४५ रोजी स्लॅब पडला. पंपाच्या नळीखेरीज त्याला भोक ठेवलेले नव्हते.

४. चार नंबरच्या चंपाबाई चौगुले पाणी गाळून, गाळण्यावर राहिलेले जीव थोड्या पाण्यात उतरवून त्याच विहिरीत परत सोडत. याला जिवाणी म्हणतात. विहीर झाकल्यावर त्यांनी पंपाचे पाणी वर्ज्य केले व त्या ओढ्यापलीकडच्या उघड्या विहिरीवर जाऊ लागल्या.

५. ता. ११ जुलैला ओढ्याच्या उतारावर पडून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. ता. ३० जुलैला त्या वारल्या. वय बहात्तर.

६. ऑगस्टात त्यांचे चिरंजीव बाहुबली यांनी पहारीने स्लॅबला भोक पाडले. दुसऱ्या दिवशी रवळू यांनी ते सिमेंटने बुजवले. तिसऱ्या दिवशी बाहुबली यांनी पंपाचा दांडा काढून घरी नेला. तो अजून तेथेच आहे.

७. तेव्हापासून चौदाही घरांच्या बायका ओढ्यापलीकडून पाणी आणतात. वाट तीच.

मी, राजमती कलगोंडा मगदूम, वय २९, धंदा एका खाजगी इंजिनियरच्या कचेरीत नकाशे काढणे, राहणार वरील वसाहत, प्लॉट नंबर सात, हे मृत्युपत्र लिहिते. डोके शाबूत आहे. कोणी दडपण आणलेले नाही. आणणारे दोन्ही पक्ष गेले वर्षभर माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या पोटात गाठ आहे. ता. २० रोजी मिरजेस शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी काय होईल ते सांगितले नाही, काय करणार ते सांगितले. मला तेवढे पुरते.

कलम एक. घर. प्लॉट नंबर सात वडिलांनी माझ्या नावे घेतला, त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. घरात माझी आई धोंडूबाई हिने हयातभर राहावे. तिच्या पश्चात घर व जमीन माझे चुलतभाऊ वर्धमान, राहणार निपाणी, यांना जावी. मात्र कलम तीनमधील जागा वगळून. वर्धमान अण्णांवर माझा राग नाही म्हणणे खरे होणार नाही. वडिलांच्या बाराव्याला ते ओसरीवर बसून म्हणाले, "पोरीच्या जातीनं मोजणीची साखळी वडत माळावर फिरायचं, मग स्थळ कुठलं येतंय?" आईने ऐकले. मी चहा दिला. नात्याने जवळचे दुसरे कोणी नाही, म्हणून त्यांचे नाव.

कलम दोन. हत्यारे. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, कंपासपेटी व सहासष्ट फुटी साखळी मुलींच्या शाळेच्या ड्रॉइंग शिक्षिका गुणाबाई यांस द्यावी. साखळीचा एक दुवा बदललेला आहे, म्हणून मोजण्याआधी ती तपासून घ्यावी. पोस्टातील शिल्लक आईला.

मंडळाच्या इतिवृत्ताच्या सहा वह्या पुढच्या चिटणीसांकडे जाव्यात. वडील १९३९ साली गेले, तेव्हापासून मी चिटणीस आहे. तात्पुरती. या वह्यांत कोणाचा ओटा वीतभर रस्त्यावर आला, कोणाच्या भिंतीवर कोणी मिरच्या वाळवल्या, जयाबाई सांबरेकरांच्या शेळीने कोणाचे कुंपण खाल्ले, हे सर्व तारीखवार आहे. पुढच्या चिटणीसांना एकच सांगणे. सभा पाचला बोलवावी, म्हणजे सहाला सुरू होते. शेळीबद्दल ठराव करू नये. चार केले.

कलम तीन. विहीर. गेल्या महिन्यात मी सर्व हद्दी पुन्हा मोजल्या. १९३७ सालचा नकाशा मी ट्रेस केला होता, तेव्हा वय वीस. सात नंबरची पूर्वेची हद्द मी सरकारी दगडाऐवजी त्याच्या अलीकडच्या एका साध्या दगडापासून धरली. फरक बारा फुटांचा. आठ फूट व्यासाची विहीर नकाशात सामाईक जागेत दिसते. ती प्रत्यक्षात माझ्या प्लॉटमध्ये आहे. बाकीच्या तेरा प्लॉटांना या चुकीने फरक पडत नाही, हे दोनदा मोजून पाहिले आहे. आजवर हे कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तर दोन्ही पक्ष म्हणाले असते की चिटणीसबाईंनी विहीर बळकावली. मृत्युपत्रात बळकावता येत नाही, देताच येते.

वर्धमान अण्णांना यातले काही माहीत नसताना ते गेल्या दिवाळीत म्हणाले होते, "ही जागा माझी असती तर सगळं सपाट करून तंबाखूची वखार बांधली असती." मी म्हटले, "आणि पाणी?" "तंबाखूला पाणी कशाला लागतंय गं?"

म्हणून ती बारा फुटांची पट्टी, विहिरीसह, मी मंडळास देते. अटी दोन.

पहिली अट. स्लॅबला नऊ इंची भोक पाडावे. भोवती सहा इंच उंच लोखंडी कडे बसवावे, म्हणजे कट्ट्यावरचे पाणी आत जाणार नाही. वर बिजागरीचे झाकण. आत सोडायचे तांब्याचे भांडे मी तांबटाकडून करून घेतले आहे, माझ्या पलंगाखाली आहे. त्याच्या तोंडाला साखळी आहे आणि तळाला कडी. भांडे पाण्याला टेकले की कडीची दोरी ओढावी. ते कलते व जिवाणी उंचावरून न आदळता पाण्यात मिसळते. हे भांडे साखळीने कड्यालाच बांधलेले राहील. पाणी कट्ट्यावरच गाळावे. कोणाच्याही घरातले भांडे विहिरीत जाणार नाही. पटकी विहिरीत उतरते ती घरातल्या भांड्याने. नकाशा सोबत जोडला आहे.

हे मी मार्च १९४५ मध्येच काढायला हवे होते. आमच्या घरातही गाळणे आहे, आई रोज जिवाणी सोडत असे. कचेरीत बोर्डावर विहीर काढताना मला फक्त वर्तुळ दिसले. स्लॅब पडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चंपाबाई तांब्या घेऊन आल्या. स्लॅबभोवती फिरून त्यांनी सगळीकडे पाहिले.

"राजाक्का, ह्यांस्नी आता कुठं सोडू गं?"

मी म्हटले, "आज्जी, पंपाचं पाणी शुद्ध असतं."

"ते मला झालं. ह्यांस्नी काय?"

मी कचेरीला उशीर होत असल्याचे सांगितले. ते खरे होते.

दुसरी अट. या मृत्युपत्राची अंमलबजावणी बाहुबली चौगुले व रवळू सांबरेकर या दोघांनी मिळून करावी, एकट्याने नाही. दोघांची माणसे गेली आहेत. सप्टेंबर १९४५ च्या सभेत रवळू मला म्हणाले, "माझी मालू गेली तवा कुणी मोजला व्हता जीव, चिटणीसबाई? किड्यामुंग्यांसाठी झाकण उघडायचं म्हणता!" बाहुबली म्हणाले, "आणि माझी आई? ती न्हाय व्हय गेली तुमच्या झाकणापायी?" मी वहीत लिहिले, 'चर्चा झाली.' ती ओळ खोडावी. मालूसाठी विहीर झाकली ते बरोबर होते. चंपाबाईंसाठी भोक ठेवायला हवे होते तेही बरोबर होते. दोन्ही एका नकाशात बसत होते. बसवले नाही ते मी, या दोघांपैकी कोणी नव्हे.

दोघांपैकी एकानेही नकार दिल्यास कलम तीन रद्द समजावे व पट्टी घराबरोबर वर्धमान अण्णांकडे जावी. यात धमकी नाही. भांडणारे मंडळ मी विहिरीचे मालक करू शकत नाही आणि मंडळाबाहेर वर्धमान अण्णांखेरीज दुसरा वारस मला नाही.

मी मिरजेहून परत आले तर हे सर्व मी स्वतः करीन, आणि चिटणीसपद सोडीन.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या अक्षरात लिहिले, साक्षीदारांसमोर सही केली. दोघांपैकी कोणास यातून काही मिळत नाही.

ठिकाण बेळगाव, ता. १० नोव्हेंबर १९४६, रविवार.

(सही) राजमती कलगोंडा मगदूम

साक्षीदार:
(सही) भावकू नेसरकर, ड्राफ्ट्समन
(सही) आण्णाप्पा हुद्दार, निवृत्त शिक्षक

रा. रा. बाहुबली चौगुले व रा. रा. रवळू सांबरेकर यांस,

याची एकेक नक्कल तुम्हांला आज पाठवत आहे. तुम्ही ही जबाबदारी घेता की नाही, ते एकाच कागदावर, दोघांच्या सह्यांनी कळवावे. वेगवेगळ्या चिठ्ठ्या चालणार नाहीत. सही करायला एकमेकांच्या घरी जावे लागेल. अंतर मी मोजले आहे, एकशे दहा पावले. बाहुबली यांनी येताना पंपाचा दांडा आणला तर बरे. उत्तर शनिवार, ता. १६ रोजी संध्याकाळी पाचच्या आत मिळावे. सोमवारच्या गाडीने मी निघते. तोपर्यंत घरीच आहे.